परदेशात शिकताना पहिल्यांदा प्राइडला जाताय? कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी

जून उजाडला की मला हमखास दोन-तीन मेसेज येतात. कुणी आखेनला असतं, कुणी लेस्टरला, कुणी टोरांटोला. मूळ गाव कोल्हापूर, नाहीतर इचलकरंजी किंवा गडहिंग्लज. आधी खोली मिळाली का, नेलेली चटणी किती उरली असल्या गप्पा होतात. मग दोन मिनिटं नुसतं 'टायपिंग' दिसत राहतं आणि शेवटी प्रश्न येतो, "दादा, इथं प्राइड असतंय म्हणं. जाऊ का? काय होत नाही न्हवं?"

प्राइड म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा सगळ्यांनी (त्यांनाच मिळून एलजीबीटी म्हणतात) आपल्या हक्कांसाठी उघडपणे काढलेली मिरवणूक; इंद्रधनुषी झेंडा ही तिची खूण. मी जर्मनीत आखेनला दोन वर्षं शिकलो आणि दोन्ही वर्षं कोलोनच्या प्राइडला गेलो. आता परत राजारामपुरीत आहे. दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

मिरवणूक म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला नको. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडनं पंचगंगेपर्यंत जे पाय रात्रभर डॉल्बीपुढं उभे राहिलेत, त्यांना चार-पाच तासांची परेड किरकोळ आहे. तिथं चुकतो आपण ते फोनच्या बाबतीत. अंगावर इंद्रधनुष्य चढवून राइन नदीच्या काठी नाचता येतं, पण खिशातल्या त्या फोनात मामा, काकी, तालमीचा ग्रुप, दहावी ब चा ग्रुप असं अख्खं गाव बसलेलं असतं. म्हणून खाली फोनवरच जास्त लिहिलंय.

पहिल्यांदा देश बघा

ही पायरी कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढं लंडन-न्यूयॉर्क असतं. पण आपल्या भागातली कितीतरी मुलं एमबीबीएसला रशिया, जॉर्जियात जातात. रशियात नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. तिथं कानात इंद्रधनुषी रंगांचे डूल घातले म्हणूनही शिक्षा झाली आहे. तिथं असाल तर प्राइडचा विषय पदवी हातात येईपर्यंत बाजूला ठेवा, फोनमध्येसुद्धा काही ठेवू नका. जॉर्जियात तिबिलिसीला जुलै 2023 मध्ये जमावानं प्राइडच्या जागेत घुसून मोडतोड केली आणि 2024 मध्ये अशा कार्यक्रमांवर बंधनं घालणारा कायदा झाला. इस्तंबूलमध्ये 2015 पासून मोर्चाला बंदी आहे. तरी लोक जमतात आणि पोलीस त्यांना उचलतात. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसानं तिथं हिरो व्हायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरट म्हटलं तरी चालेल.

जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथं प्राइड कायदेशीर असतं, आणि शांततेत मिरवणुकीत चालणं हा परदेशी विद्यार्थ्यासाठीही गुन्हा नाही.

मग तारीख बघा

'जून म्हणजे प्राइडचा महिना' हे अर्धंच खरं. न्यूयॉर्क आणि टोरांटोची मोठी मिरवणूक जूनच्या शेवटच्या रविवारी असते. लंडनची जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, कोलोनची बहुतेक वर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रविवारी, बर्लिनची जुलैअखेरच्या शनिवारी. अ‍ॅमस्टरडॅमला ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कालव्यांतून सजवलेल्या होड्या जातात, मँचेस्टरला ऑगस्टअखेर असतं. सिडनीला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा. तारखा वर्षागणिक सरकतात, त्यामुळं आयोजकांच्या संकेतस्थळावरच बघा. आणि परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवा. जर्मनीत परीक्षा नेमक्या जुलै-ऑगस्टमध्येच येतात. मी पहिल्या वर्षी सोमवारच्या पेपरच्या आदल्या दिवशी गेलो होतो. पेपर निघाला, पण तुम्ही तसं करू नका.

जर्मनीत एक गंमत होते. नवीन मुलं 'प्राइड' लिहिलेली पोस्टरं शोधत बसतात आणि भिंतीवर सगळीकडं 'सीएसडी' दिसतं. ते 'त्से-एस-डे' म्हणजे क्रिस्टोफर स्ट्रीट डे. 28 जून 1969 ला मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या क्रिस्टोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नेहमीच पडायच्या, पण त्या रात्री लोक मुकाट्यानं गाडीत बसले नाहीत. पुढचे काही दिवस रस्त्यावर चकमकी झाल्या, आणि वर्षानं, 28 जून 1970 ला, न्यूयॉर्कमध्ये पहिला मोर्चा निघाला. म्हणजे ही मुळात आंदोलनाची तारीख. नाचगाणं नंतर जोडलं गेलं. जर्मनीत आजही सीएसडीची नोंद निदर्शन म्हणूनच होते. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे, तो फोटोच्या भागात येईल.

आपल्या गावात 26 जूनला शाहू जयंतीची मिरवणूक असते, ती सामाजिक न्याय दिन म्हणून. मी आखेनच्या खोलीत बसून दोन्हींचे फोटो एकाच आठवड्यात बघायचो. महाराजांच्या काळात वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली, कारण शिकायला आलेल्या पोराला आधी राहायला आपलं घर लागतं. परदेशात ते घर शोधणं ही पुढची पायरी.

एकटं जाऊ नका

विद्यापीठात शोधा. जर्मनीत विद्यार्थी संघटनेला आस्टा म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठी क्वीअर-रेफेराट नावाचा विभाग असतो. ब्रिटनमध्ये स्टुडंट्स युनियनची एलजीबीटी सोसायटी असते. त्यांना ई-मेल करा. खरं नावच द्यायला हवं असं नाही आणि 'तू कोण आहेस' हेही कुणी विचारत नाही. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, नुसताच मित्र, किंवा अजून काही ठरलेलं नाही, सगळं चालतं. मला पहिल्या भेटीत फक्त एवढंच विचारलं की चहा घेणार की कॉफी.

याचा दुसरा फायदा व्यवहाराचा आहे. लंडन, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी नोंदवलेल्या गटांनाच मिरवणुकीत चालता येतं, मनगटाला पट्टी असल्याशिवाय आत सोडत नाहीत. बाकीचे कठड्याबाहेरून बघतात. आपल्याकडं मंडळाचा टी-शर्ट असल्याशिवाय दोरीच्या आत घेत नाहीत, तसंच. बर्लिनला कुणीही मागं जाऊन सामील होतं. विद्यापीठाचा गट असेल तर ही कटकट त्यांच्या डोक्याला.

मराठी मित्रमंडळींना न्यायचं का? ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच. 'मज्जा बघायला' येणारा एक जरी सोबत असला, तरी तुमचा सगळा दिवस त्याला समजावण्यात आणि त्याचा कॅमेरा खाली करण्यात जातो.

फोन: हे आदल्या रात्री करा

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅगला तुमची मंजुरी लागेल असं करा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस कुणाकुणाला दिसतं ती यादी उघडून नीट वाचा. त्या यादीत गॅसवाला आणि शाळेतले सरसुद्धा असतात. घरच्यांना गुगल मॅपवर लाइव्ह लोकेशन दिलेलं असेल तर ते तपासा. अचानक बंद केलं तर आई फोन करणार, म्हणून "मित्रांबरोबर कोलोनला चाललोय" असं आधीच सांगून टाका. ते खोटंही नाही.

आता एक सेटिंग, ज्याच्यात चांगली हुशार पोरं फसतात. आठवून बघा, वडिलांना नवा फोन घेतला तेव्हा प्ले स्टोअर चालू करायला ई-मेल कुणाचा टाकला होता? तुमचाच. मग तुम्ही कोलोनला काढलेला फोटो पाच मिनिटांत शुक्रवार पेठेत वडिलांच्या फोटोंमध्ये दिसू शकतो. मला हे परतीच्या गाडीत आठवलं. आखेन येईपर्यंत एक एक फोटो पुसत बसलो होतो आणि घाम फुटला होता तो उन्हानं नाही. फोटोंचा बॅकअप आधी बंद करा, नाहीतर दुसरं खातं काढा.

आता दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याचं. जर्मनीत रस्त्यावर कुणाचा फोटो विनापरवानगी छापता येत नाही, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं असेल. पण मोर्चे आणि मिरवणुका त्याला अपवाद आहेत. गर्दीच्या फोटोत तुम्ही आलात तर वर्तमानपत्र तो बिनदिक्कत छापू शकतं. मग तोंडाला रुमाल बांधू का, हा पुढचा प्रश्न. तर सीएसडी हे निदर्शन असल्यामुळं ओळख लपवायच्या हेतूनं तोंड झाकणंही तिथल्या कायद्यात बसत नाही. गॉगल, टोपी, गालावर रंग हे सगळेच करतात, त्याला कुणी काही म्हणत नाही. ज्यांना फोटोत यायचंच नाही त्यांनी पहिल्या वर्षी मिरवणुकीत चालू नये. कडेला, बायकापोरांच्या गर्दीत उभं राहावं. तिथून दिसतं सगळं आणि कॅमेरे असतात समोरच्या ट्रककडं.

मी हे शहाणपण शिकलो ते असं. पहिल्या वर्षी मी मोठा गॉगल लावला आणि वर्गातल्या एका मुलीनं तिच्या पर्समधली टिकली माझ्या कपाळावर लावली. गॉगल आहे म्हणून मी निर्धास्त. रात्री आठला, म्हणजे आपल्याकडं साडेअकराला, गंगावेशीतल्या चुलतभावाचा फोन.

"दादा, त्या फोटुत टिकली लावून हुबा हाईस त्यो तूच काय?"

कुणीतरी फोटो टाकून मला टॅग केलं होतं. मी म्हटलं, "होय." पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यानं बारीक केला. मी आपला कोलोनच्या फलाटावर हातात अर्धी पाण्याची बाटली घेऊन उभा.

"वाकडी लागलीया," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काकीनं बघायच्या आत काढाय सांग त्या दोस्ताला. मी नाय कुणाला बोलत."

फोटो दहा मिनिटांत निघाला. भाऊ चांगला निघाला हे माझं नशीब. त्या जागी तालमीतला दुसरा कुणी असता तर गोष्ट वेगळी झाली असती. नशिबावर सोडू नका, टॅगची सेटिंग करा.

पायात काय, पिशवीत काय

कोल्हापुरी घालून जाऊ नका. मला माहीत आहे, झब्बा आणि कर्र कर्र वाजणारं नवं पायताण हा बेत डोक्यात आलेला असणार. माझ्याही आला होता. रस्त्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात, ट्रकच्या मागं कुणी ना कुणी पायावर पाय देतंच, आणि नवं पायताण कसं चावतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. बंद बूट घाला. फेटा बांधा की बिनधास्त, मी एका मुलाला कोल्हापुरी फेट्यात बघितलंय आणि लोक रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढत होते. साडी नेसायची असेल तर नऊवारी, तिच्यात चालता येतं.

पिशवीत पाणी, उन्हाचं क्रीम, पातळ जॅकेट (कोलोनला जुलैतही पाऊस येतो), पॉवर बँक आणि थोडी सुटी नाणी, कारण स्वच्छतागृहाला पैसे पडतात. राहण्याच्या परवान्याचं कार्ड जवळ ठेवा, पासपोर्ट घरी. आखेनहून अ‍ॅमस्टरडॅमसारखं दुसऱ्या देशात जाणार असाल तर मात्र दोन्ही न्यावे लागतात. पोळीला चटणी लावून गुंडाळी करून न्या. दुपारी दोनला डोनर कबाबच्या रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर माझी आठवण काढाल.

प्रत्यक्ष त्या दिवशी

सकाळी लवकर पोचा. कोलोन स्टेशनातून बाहेर पडलात की कॅथेड्रल अंगावरच येतं. तिथून नदीकडं, होहेनत्सोलर्न पुलाच्या बाजूला चालत जा. काठावर राखाडी-गुलाबी ग्रॅनाइटचं एक छोटं स्मारक आहे, 1995 मध्ये उभारलेलं. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे, त्याच त्रिकोणाचा आकार त्या दगडात आहे. ज्या कलमाखाली त्यांना पकडलं ते 175 वं कलम युद्धानंतरही राहिलं आणि जर्मनीतून पूर्णपणे गेलं ते थेट 1994 मध्ये. आपलं 377 सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंधांपुरतं गेलं. 'आपण मागासलेले आणि हे पुढारलेले' असं डोक्यात घेऊन मी गेलो होतो, तो हिशेब त्या दगडापुढं जरा गडबडला. दहा मिनिटं थांबा तिथं. नंतर दिवसभर एवढी शांतता मिळत नाही.

गर्दीत शिरण्याआधी सोबतच्यांशी एक जागा ठरवा: हरवलो तर इथं, इतक्या वाजता. लाखो लोक जमतात तेव्हा नेटवर्क झोपतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 112.

मिरवणुकीत चामड्याचे पट्टे घातलेले आणि कुत्र्याचे मुखवटे लावलेले चांगले बाप्ये दिसतील, जवळजवळ उघडे लोक दिसतील. पाठोपाठ बँकेचा ट्रक येईल, मग चर्चचा गट, मग अग्निशमन दल, मग गे मुलांचे आईबाप फलक घेऊन. पहिल्या वेळी डोळे विस्फारतात, विस्फारू द्या, पण कॅमेरा आपोआप वर जाऊ देऊ नका. एकाच माणसाचा फोटो हवा असेल तर विचारा: "डार्फ इश आइन फोटो माखन?" आणि न विचारता कुणाच्या अंगाला, केसांना, पोशाखाला हात लावायचा नाही. तुमच्याही लावू द्यायचा नाही. "नाइन" म्हटलं की विषय संपतो, हसून सावरून घ्यायची गरज नाही.

खरं तर साडीतला पुरुष बघून कोल्हापूरच्या माणसानं दचकायचं कारण नाही. सौंदत्तीची यात्रा करून लोक परतले की ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. लहानपणी आजी मला न्यायची. डोक्यावर जग (देवीची टोपली), हातात वाजवायचं चौंडकं, हिरवी साडी, हातभर बांगड्या असा एक जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, होता. त्यानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि आजी त्याच्या पाया पडली. त्याच माणसाला आठ दिवसांनी बाजारात पोरं शिट्ट्या मारत होती, तेही मी बघितलं. कोलोनला साडीतल्या एका श्रीलंकन माणसापुढं मला ते दोन्ही एकदम आठवलं आणि क्षणभर काय करावं कळेना. त्यानंच नमस्कार केला.

पिण्याबद्दल. कोलोनची बिअर क्योल्श, ती 200 मिलीच्या छोट्या ग्लासात येते, आणि पारंपरिक बिअरघरात ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. आपल्याकडं पांढरा रस्सा वाढणारा जसा पातेलं घेऊन डोक्यावर उभा असतो, तसंच. ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवली की थांबतो. हे माहीत नसल्यामुळं किती ग्लास झाले ते मी इथं लिहीत नाही. आपला ग्लास नजरेआड करू नका, अनोळखी माणसाकडून गोळ्या-पावडर काही घेऊ नका; ते प्रकरण व्हिसापर्यंत जातं. कंडोम फुकट वाटतात, लाजू नका, घ्या. आणि पुढं कधी तपासणी करावीशी वाटली तर जर्मनीतल्या सरकारी आरोग्य कार्यालयात एचआयव्हीची तपासणी नाव न सांगता होते.

रिकाम्या बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांमागं 25 सेंट अनामत परत मिळते. नको असतील तर कचरापेटीशेजारी उभ्या करून ठेवा, गोळा करणारे येतात.

परतताना

गाडीत बसण्याआधी गालावरचा रंग पुसायचा की नाही ते गाडी कुठं चाललीय त्यावर ठरवा. कोलोन-आखेन मार्गावर अर्धा डबा आपल्यासारखाच रंगलेला असतो. पण पूर्व जर्मनीतल्या लहान गावांत चित्र वेगळं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बाउत्सेनच्या सीएसडीसमोर शेकडो नव-नाझी विरोधात उतरले होते. तिकडं गेलात तर गटानंच जा, गटानंच या, आणि झेंडा पिशवीत.

त्या रात्री घरी फोन करून काही सांगायचं नाही. ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. दिवसभर हजारो लोकांनी टाळ्या वाजवलेल्या असतात, छाती भरून आलेली असते आणि वाटतं, आत्ताच आईला सांगून टाकू. तिकडं आई साडेअकराला झोपेतून उठून फोन घेते. तिला कुणी टाळ्या वाजवलेल्या नसतात. सांगायचं असेल तर सुट्टीला गेल्यावर, समोर बसून, दोन-चार दिवस हाताशी ठेवून सांगा. आणि पैसे, फी, तिकीट यासाठी घरावर अवलंबून असाल तर तोही विचार करून.

सुट्टीला येताना विमान दुबई किंवा दोहामार्गे असेल तर झेंडा, बिल्ले, पट्ट्या अंगावर ठेवू नका. तिथं समलिंगी संबंध गुन्हा आहेत. सगळं मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी टाका. मी माझा झेंडा दोन स्वेटरच्या मध्ये घालून आणला. आईनं बॅग उपसताना तो काढला, उजेडात धरून बघितला आणि विचारलं, केवढ्याला पडला. पाच युरो म्हटल्यावर महाग आहे म्हणाली. गेली तीन वर्षं तो तिच्या शिलाई मशीनवर घातलेला आहे. धुतल्यावर रंग जात नाही, म्हणते.